ही पिढी म्हणजे नक्की कोणती पिढी?

प्रश्न: बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशू म्हणतो की हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. मग शेवटच्या काळाच्या भविष्यवाण्या आधीच पूर्ण झाल्या का?

उत्तर: काही झाल्या असं मला तरी वाटतं, सगळ्या नाही. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही हे त्याच अध्यायात आहे आणि इ.स. ७० मधे टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेम घेऊन मंदिर पाडलं, म्हणजे साधारण चाळीस वर्षात, एका पिढीच्या आतच की! या भविष्यवाण्या अशा आधीच पूर्ण झाल्या असं मानणाऱ्यांना प्रीटरिस्ट म्हणतात. ते प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला श्वापदाचा ६६६ चा आकडा पण रोमन सम्राट नीरोला लावतात, कारण "नीरोन कैसर" (नावाचं ग्रीक रूप) हिब्रू अक्षरात लिहून अक्षरांच्या किंमतींची बेरीज केली की तेवढीच येते. पण घोडं अडतं प्रकटीकरणाच्या तारखेवर, कारण दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस ते पुस्तक रोमन सम्राट डोमिशियनच्या राजवटीच्या शेवटी, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास ठेवतो, आणि तसं असेल तर त्यात यरुशलेमच्या नाशाचं भाकीत कसं असणार, तो तर होऊन गेला होता ना.

फ्युचरिस्ट, म्हणजे या भविष्यवाण्या अजून पुढे पूर्ण होणार असं मानणारे, म्हणतात "पिढी" म्हणजे ती चिन्हं बघणारी शेवटची पिढी. मला हे जरा ओढूनताणून वाटतं.

पण पुनरुत्थान, न्याय सगळंच इ.स. ७० मधे उरकलं म्हणणारे फुल प्रीटरिस्ट मात्र मला पटत नाहीत. पुनरुत्थान होऊन गेलं म्हणणाऱ्यांना २ तीमथ्य २:१८ मधे पौलाने आधीच झापलंय.