बोअरिंगला टाकण्याआधी ब्लॉकचा तडा बघून घ्या

तुमचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, इंजिन खोललेलं, ब्लॉकवर (ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा) तिसऱ्या सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला गंजाची उभी रेघ, आणि फिटर म्हणतो काही नाही, बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, टाका. दादा, अजून टाकू नका. पिस्टन-लायनरचं किटसुद्धा आणू नका. मी एकदा घाई केली होती. मृग तोंडावर, चिखलणी अडलेली, म्हणून आधी बोअरिंग केलं, नवीन लायनर (सिलिंडरात बसणाऱ्या नळ्या) बसवले, आणि पाणी भरल्यावर स्टडच्या, म्हणजे हेड आवळणाऱ्या बोल्टच्या, भोकाजवळून पाझर दिसला. सगळा खर्च पाण्यात गेला.

आपल्याकडे कोकणात थंडीने पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही. इथे फुटतो तो बहुधा तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतल्याने. त्यात खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ, ते वर्षानुवर्षं रेडिएटरात घातलं की वॉटर जॅकेटचं (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आतून खाल्लं जातं. म्हणून कोअर प्लग (जॅकेटच्या भोकांवरची पत्र्याची गोल झाकणं) सगळे काढा आणि आतला गंजाचा गाळ तारेने खरवडून बाहेर काढा. प्लगमागची भिंत बॅटरी मारून बघा.

ब्लॉक धुतल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका. डिझेलने ग्रीस उतरवा, मग लेथवाल्याकडे कॉस्टिकच्या गरम टाकीत टाका. साच्याची जोडरेघ सरळ आणि किंचित उठलेली असते. तडा बारीक, नागमोडी जातो.

मग रॉकेल आणि खडू. संशयाच्या जागी रॉकेल लावून अर्धा तास मुरू द्या, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. तड्यात मुरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं, पण जास्त वेळ ठेवा. ऐपत असेल तर लाल डायचा तीन डब्यांचा स्प्रे आणा, तो केसाएवढा तडासुद्धा दाखवतो. हेडच्या स्टडची भोकं आणि पाण्याची भोकं यांच्या मधली जागा, दोन सिलिंडरमधली अरुंद पट्टी, लायनरची कॉलर बसते ती पायरी आणि खाली क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगच्या बैठका, एवढं सगळं तपासा. फक्त दिसलेल्या रेघेवर थांबू नका.

डाय फक्त पृष्ठभागावर उघडलेला तडा दाखवतो. आरपार आहे का, हे प्रेशर टेस्टच सांगते. वर हेडच्या जागी जाड लोखंडी पट्टी आणि रबर, स्टडला आवळून. पाण्याच्या बाकीच्या वाटा बंद. एका झाकणात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. जॅकेट गरम पाण्याने काठोकाठ भरा आणि वर तीस पौंडांपर्यंतच हवा द्या. रिकाम्या जॅकेटात नुसती हवा भरू नका, झाकण उडालं तर माणूस जखमी होतो. निदान अर्धा तास ठेवा, कारण काही तडे गरम झाल्यावरच उघडतात. लायनर ओले, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे, असतील तर ते नव्या रबर रिंगांसकट बसवूनच ही टेस्ट करा, नाहीतर पाणी खालून निघून जाईल. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झालं म्हणजे ब्लॉकच फुटला असं नाही. ओल्या लायनरच्या इंजिनात दोष त्या रिंगांचाही असू शकतो.

तडा बाहेरच्या जॅकेटवर असेल तर ब्लॉक वाचतो. मी स्टिचिंगच करून घेईन: तड्यावर ओळीने भोकं पाडून एकमेकांत अडकणारे पेचाचे पिन बसवतात, बीड तापवावं लागत नाही. निकेल रॉडचं वेल्डिंग अनुभवी हातानेच, आधी सावकाश तापवून आणि नंतर सावकाश निववून; नाहीतर शेजारीच नवा तडा जातो. जवळ कोणी नसेल तर ब्लॉक घाट चढवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्या. मेन बेअरिंगच्या बैठकीत तडा असला तर मात्र दुसरा ब्लॉक शोधा, तिथे डागडुजी टिकत नाही.

धुऊन झालं की रेघ कुठून कुठे जाते ते कळवा. ती वर स्टडच्या भोकाला जाऊन मिळते का, एवढं आधी बघा.