कोल्हापूरहून मुलांना डॉल्फिन शो आणि मासे हाताळता येतील असं मत्स्यालय दाखवायला सुट्टीत कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, मेची सुट्टी आहे, डॉल्फिनचा शो बघायचाय, मुलांना मासे हातात घेता आले पाहिजेत आणि पैसे वसूल झाले पाहिजेत.

आधी शोचं सांगतो. भारतात डॉल्फिन शो कुठेही नाही. १७ मे २०१३ ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून राज्यांना कळवलं की डॉल्फिनेरियमचा (डॉल्फिन तलावात ठेवून दाखवायच्या जागेचा) कुठलाही प्रस्ताव मंजूर करू नये. त्यामुळे गोव्याच्या सहलीच्या पत्रकात ‘डॉल्फिन शो’ लिहिलेलं असेल तर ती समुद्रातली बोटीची फेरी समजा. तलावात उड्या मारणारे डॉल्फिनच बघायचे असतील तर बाहेर जावं लागेल. आपल्याकडचे लोक बँकॉकच्या सफारी वर्ल्डला नाहीतर दुबईच्या क्रीक पार्कमधल्या डॉल्फिनेरियमला जातात. सिंगापूरच्या सेंटोसावरचं अंडरवॉटर वर्ल्ड, जिथे गुलाबी डॉल्फिन होते, ते २०१६ मध्येच बंद झालं. जुन्या पत्रकावर जाऊ नका.

आता तुमचं ‘मासे हातात घेता आले पाहिजेत’. हे वाक्य वाचलं म्हणून तर मी उत्तर लिहायला बसलो. मी कोल्हापुरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. समुद्र इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्यामुळे आर.ओ.च्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून पाणी घरीच बनवावं लागतं आणि त्या पाण्यात जगणाऱ्या एकेका जिवाची किंमत चांगली कळते. आमच्या साडूंनी परदेशातल्या एका मत्स्यालयातला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात त्यांच्या मुलाने तारामासा पाण्याच्या वर छातीशी धरलाय आणि मागे सगळे हसतायत. त्यावरून आमचा वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. साडूंचं म्हणणं, ‘मुलांना हात लावू दिला नाही तर त्यांना प्राण्यांची गोडी कशी लागणार?’ गोडी लागावी हे मलाही हवंय. पण त्या फोटोत नेमकं काय चाललंय ते ऐका.

तारामासा त्वचेवरच्या बारीक, मऊ उंचवट्यांतून आणि खालच्या नळीसारख्या पायांतून श्वास घेतो. पाण्याबाहेर ते काम थांबतं. फोटो नीट येईपर्यंत त्याला वर धरला म्हणजे तेवढा वेळ त्याचा श्वास अडवला. त्याहून वाईट म्हणजे त्याला दगडावरून ओढून काढणं. त्याचे शेकडो पाय दगडाला चिकटलेले असतात. जोर लावून उचललं की पाय तुटून दगडावरच राहतात. ते पुन्हा वाढतात, पण त्यात त्याची ताकद जाते, आणि दिवसभर रांगेतलं प्रत्येक मूल तेच करत असेल तर तो भरून निघत नाही. आधी ताऱ्याच्या एखाद्या भुजेचं टोक वळतं, मग अंगावर पांढुरके डाग येतात, आणि काही दिवसांनी टाकीत नवा तारामासा दिसतो. येणाऱ्याला वाटतं तोच आहे.

माशांचं वेगळं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, जंतूंपासून त्याचा बचाव तोच करतो. कोरड्या हाताने किंवा बोटं घासून तो थर निघाला की तिथे बुरशी धरते. सॅनिटायझर, सनस्क्रीन, अत्तर, डास पळवायचं मलम यातलं काहीही हातावर असेल तर ते थेट त्या थरावर आणि पाण्यात जातं. मोठ्या टाकीला गाळणी असते, प्रथिनं काढणारं यंत्र असतं, तरी शेकडो हातांवरची सनस्क्रीन तेही पूर्ण काढू शकत नाही.

त्यामुळे टच टँकला (हात घालून प्राण्यांना स्पर्श करायच्या उघड्या टाकीला) जाताना मुलांना हे घरूनच शिकवून न्या. बाही कोपराच्या वर, अंगठी-घड्याळ-राखी काढून खिशात. हात आधी नुसत्या पाण्याने अर्धा मिनिट चोळून धुवायचे. आधी साबण नको, कारण तो राहिला तर तोही त्रासच देतो. मग हात ओलाच पाण्यात घालायचा, तळवा सपाट, बोटं जुळलेली, आणि स्थिर ठेवायचा. प्राण्याच्या मागे हात फिरवायचा नाही. पाकट (स्टिंगरे) असेल तर ती स्वतः भिंतीच्या कडेने येते, पंखाची कड पाण्याबाहेर किंचित उचलत. ती हाताखालून जाऊ लागली की दोन बोटांनी, दुधावरच्या सायीवरून बोट फिरवावं तितक्या हलक्या हाताने, पंखाच्या मधोमध स्पर्श करायचा. डोळे आणि डोळ्यांमागची दोन छिद्रं सोडायची, कारण ती त्यांतूनच पाणी आत ओढून श्वास घेते. शेपटीला तर हातच नको. टच टँकमधल्या पाकटीचा विषारी काटा कापलेला असतो, पण तो पुन्हा वाढतो म्हणून ठरावीक काळाने परत कापावा लागतो. छोट्या मुशीला (शार्कला) डोक्याकडून शेपटीकडेच हात फिरवायचा, उलट फिरवला तर कातडी सँडपेपरसारखी बोटाला लागते. समुद्रकाकडी दाबायची नाही, घाबरली तर ती आतडीच बाहेर टाकते.

बाहेर आल्यावर मात्र साबणाने हात धुतल्याशिवाय खायला काही द्यायचं नाही. मुलाच्या हाताला कापलं असेल, नखाजवळ चीर असेल तर त्या दिवशी टच टँक नाहीच. पाण्यात राहणारा एक जंतू जखमेतून आत जातो आणि बोटावर गाठी येतात, त्या महिनोन् महिने औषध घेऊन जातात. मॉलमधल्या फिश स्पाबद्दल माझं मत याहून कडक आहे. एकाच पाण्यात ओळीने सगळ्यांचे पाय असतात, आणि त्यात जंतुनाशक घालता येत नाही, कारण घातलं तर मासेच मरतील. मुलांना तिथे बसवू नका.

जागा चांगली की वाईट हे पाच मिनिटांत ओळखता येतं. टँकजवळ माणूस उभा आहे का, तो मुलांचे हात अडवतो का, एका बाजूला प्राण्यांना लपायला जागा आहे का, हात पोचणार नाही असा भाग ठेवलाय का? हे नसेल तर मुलांना काचेजवळ न्या आणि तिथून निघा. प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरता बोगदा उभारून मासे दाखवतात, तिथे तर टाकीत हात घालूच देऊ नका. तिथलं पाणी माशांना मानवेल इतकं स्थिरावलेलंही नसतं.

आता परदेशातल्या शोकडे येतो. शो वीस-तीस मिनिटांचा असतो. अर्धा तास आधी आत जा. पुढच्या रांगा भिजतात आणि ते पाणी खारं असतं, फोनच्या जाळीत गेलं की मीठ राहतं. भिजलात तर फोन गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसून कोरडा करा, नुसता रुमालाने पुसला तर मीठ आतच राहतं. बसायचं मधोमध आणि वरून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, उडी पूर्ण दिसते आणि पाण्याखालून डॉल्फिन वेग कसा घेतो तेही दिसतं. सहा वर्षांच्या मुलाला स्पीकरपासून लांब ठेवा, आवाज फार असतो.

मुलांना उड्यांपेक्षा प्रशिक्षकाचा हात बघायला सांगा. डॉल्फिनने बरोबर केलं त्याच क्षणी शिट्टी वाजते आणि मग हात कमरेच्या डब्याकडे जातो. शिट्टी म्हणजे ‘बरोबर, आता मासा मिळणार’. काठीच्या टोकाला चेंडू असतो, त्याला नाकाने शिवायला आधी शिकवतात आणि तोच चेंडू हळूहळू पाण्यापासून वर नेत नेत उडी घडवतात. दोनशे किलोचा डॉल्फिन दिवसाला आठ ते बारा किलो मासे खातो, बांगड्यासारखे मासे आणि माकुल. मासे गोठवलेले असतात, गोठवल्याने त्यातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून गोळी माशाच्या कल्ल्यात खोचून देतात. डॉल्फिन पाणीही माशातूनच घेतो, खारं पाणी पीत नाही. चांगल्या ठिकाणी शोमध्ये चुकला तरी दिवसाचा पूर्ण वाटा त्याला मिळतो.

मग मला शो मान्य आहे का? नाही. साडू म्हणतात तिथे डॉल्फिन आनंदी दिसतात. डॉल्फिनच्या जबड्याचा आकारच तसा आहे, आजारी असला तरी तो हसतच दिसतो. त्याचं ऐकणं आपल्या कितीतरी पट वरच्या आवाजापर्यंत जातं, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर तो जग बघतो, आणि तिथे चारी बाजूंना भिंती आणि वर ढोल-ताशे. तरी जाणारच असाल तर तिकीट फाडण्याआधी नाकाने तपासा. क्लोरीनचा उग्र वास आणि डोळ्यांची जळजळ म्हणजे मूत्राशी मिसळलेलं क्लोरीन साचलंय, पाणी पुरेसं बदललं जात नाही. डॉल्फिन एकाच दिशेने गोल गोल फिरत असेल, डोळे मिटून तरंगत असेल किंवा तलावावर सावलीच नसेल तर परत फिरा, पैसे गेले तरी चालतील.

फोटोचं थोडक्यात. फ्लॅश बंद. काच नसून जाड अ‍ॅक्रिलिक असतं, त्यावर तिरका फोटो काढला की रंगांच्या कडा फुटतात, म्हणून फोन सरळ टेकवून काढा. गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब सगळ्या फोटोंत येतं. सपाट खिडकीतून मासा खऱ्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठा दिसतो, बोगद्यातून लहान. दहा वर्षांच्या मुलाला दोन्हीकडे तोच मासा दाखवा, त्याला ते फार आवडेल.

आता माझा खरा सल्ला. तुमच्या मुलांना डॉल्फिनही बघायचाय आणि हातही लावायचाय ना? मालवणला जा. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं गेलात तर चार-साडेचार तास. आदल्या रात्री तारकर्ली-देवबागला मुक्काम करा, कारण बोट सकाळी सातच्या आसपास हवी. नऊनंतर वारा उठतो, लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्या फेसात पाठ दिसत नाही. आपल्या किनाऱ्याला जो डॉल्फिन असतो तो कुबड्या डॉल्फिन, शोमधल्यापेक्षा वेगळा. तो उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी असतो. आधी लांब चोच वर येते, मग कुबड आणि त्यावरचा छोटा पंख. एकदा बुडाला की मिनिट-दोन मिनिटं थांबा, तिथेच नजर ठेवू नका, पन्नासेक मीटर पुढे बघा. तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) निघण्याआधीच सांगून ठेवा: पाठलाग नको, समोरून आडवं जायला नको, पिल्लू असेल तर मध्ये नको, इंजिन मंद करून बाजूने जायचं. तांडेल चांगला असेल तर त्याला हे सांगावंही लागत नाही. वरच्या पैशाचं आमिष दाखवून अजून जवळ न्यायला लावणारे आपलेच पर्यटक असतात.

हात लावायला खडकाळ किनारा गाठा, ओहोटीला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते. पौर्णिमा-अमावस्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब मागे जातं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. ओहोटीच्या एक तास आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. पाय झाकणाऱ्या रबरी तळव्याच्या चपला घाला, अनवाणी नको. खडकातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी, नशीब असेल तर तारामासा दिसतो. त्याला तिथेच, पाण्यातच, एका बोटाने स्पर्श करू द्या. दगड उचललात तर जसा होता तसाच परत ठेवा. शंकूसारखा देखणा शंख जिवंत असेल तर हात लावू नका, त्याचा दंश जीवघेणा असू शकतो. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलून आणायचं नाही.

काचेतूनच मासे दाखवायचे असतील तर रत्नागिरीला झाडगावचं मत्स्य संग्रहालय आहे, देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. मुंबईचं तारापोरवाला १९५१ चं, पण चालू आहे का ते विचारूनच जा.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर पर्यटकांच्या बोटी बंद असतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच जा. डॉल्फिन दिसेलच याची हमी कुणी देत नाही, देणाऱ्याची बोट धरू नका. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर आहे का ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं नसेल तर दुसरी बोट बघा. गाडी लागणाऱ्या मुलाला घाटाआधी आणि बोटीआधी पोट भरून खायला देऊ नका, रिकामंही ठेवू नका. एखादी भाकरी आणि केळं पुरे.