मॉसच्या व्हॅक्यूओलमधले आयन चॅनल 'प्राथमिक' असतात का?

तुमचे प्रश्न तीन आहेत: मॉस आणि लिव्हरवर्ट या बिनफुलांच्या छोट्या रोपांच्या व्हॅक्यूओलच्या, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या, पडद्यात आयन चॅनल (विद्युतभारित कण जाण्याचे दरवाजे) असतात का, ते फुलझाडांच्या मानाने प्राथमिक दर्जाचे असतात का, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याकडे येतो, पण आधी जरा बोलू द्या, कारण 'प्राथमिक' म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

आमच्या लॅबमध्ये सगळे अ‍ॅरबिडॉप्सिसवर, म्हणजे प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या फुलझाडावर, काम करायचे. मॉस घेणारा मी एकटा. सरांचं मत आधीच ठरलेलं होतं: ज्या रोपाला धड मूळ नाही, रसवाहिन्या नाहीत, त्याच्या पेशीत कसलं आलंय नियंत्रण? मॉसचा व्हॅक्यूओल म्हणजे बिनकुलपाचं कोठार, असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे आणि बाकीचे हसायचे.

मग एकदा पॅच क्लॅम्पने, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटने पडद्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीने, करंट मिळाला. व्हॅक्यूओलला पिपेटचं टोक टेकवून हलकं सक्शन दिलं, सील, म्हणजे टोक आणि पडदा यांची जोड, गिगाओहममध्ये गेलं (इतकी घट्ट बसली), एक छोटा झटका देऊन टोकातला पडदा फोडला. आता पिपेटमधलं द्रावण व्हॅक्यूओलच्या आत आणि बाथ, म्हणजे बाहेरचं द्रावण, ही सायटोप्लाझमची (व्हॅक्यूओलभोवतीच्या पेशीद्रवाची) बाजू. +८० मिलिव्होल्टचा पल्स दिला. ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरची करंटची रेघ, आधी जवळजवळ आडवा राहिला, मग चढू लागला आणि पल्स संपेपर्यंत सावकाश चढतच राहिला. उणे व्होल्टेजला मात्र जवळपास काहीच नाही.

सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "सील गळतंय."

गळती अशी वाट बघत बसत नाही हो! व्होल्टेज बदललं की ती त्याच क्षणी वाढते आणि तिथेच थांबते, आणि उलट व्होल्टेजला तितकीच उलटी वाहते. मी वाद न घालता बाथमधलं कॅल्शियम काढून ईजीटीए (उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलं. ट्रेस झोपला. कॅल्शियम परत दिलं, ट्रेस परत उठला. गळतीला कॅल्शियमचं काय सोयरसुतक?

एवढ्यावर भागलं नाही. सरांनी एक जुना पेपर काढला आणि बोट ठेवलं: यात करंट खाली जातो, उणे व्होल्टेजला उघडतो, तुझा वर जातो, म्हणजे तुझं काहीतरी वेगळंच आहे. आता हे या विषयातल्या कुणालाही ठाऊक असायला हवं की १९९२ मध्ये चिन्हांचा संकेत बदलला. त्याआधी बरेच जण व्हॅक्यूओलच्या आतलं व्होल्टेज बाहेरच्या तुलनेत मांडायचे. त्यानंतर सायटोप्लाझमची बाजू वजा आतली बाजू, असं ठरलं. आलेख उलटा केला की जुनं चित्र आणि माझं चित्र एकच. मी तो पेपर तिथेच उलटा धरून दाखवला. ते सरांना आवडलं नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

तर हा करंट म्हणजे स्लो व्हॅक्यूओलर, एसव्ही चॅनल. सायटोप्लाझममधलं कॅल्शियम वाढलं आणि पडद्याचं व्होल्टेज धन बाजूला सरकलं की तो उघडतो; व्हॅक्यूओलच्या आतलं कॅल्शियम त्याला दाबून धरतं. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, सगळे धन आयन त्यातून जातात. राइनर हेड्रिश आणि एर्विन नेहर यांनी शुगर बीटच्या व्हॅक्यूओलमधलं हे कॅल्शियमचं नियंत्रण १९८७ मध्ये मांडलं. त्यामागचं जीन टीपीसी१ आहे, हे अ‍ॅरबिडॉप्सिसमध्ये २००५ साली कळलं. पोलंडमधल्या लुब्लिनच्या गटाने कोनोसेफॅलम या लिव्हरवर्टमध्ये आणि नंतर, २०१३ मध्ये, फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये तसाच चॅनल पॅच क्लॅम्पने दाखवला. मॉस आणि फुलझाडं यांच्या वाटा ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. इतक्या काळानंतर दोन्हीकडे तोच संथपणा आणि कॅल्शियमचा तोच दुहेरी लगाम दिसतो. याला प्राथमिक कसं म्हणायचं?

उलट मला विचाराल तर अ‍ॅरबिडॉप्सिसवाल्यांनीच जरा जमिनीवर यावं. टीपीसी१ काढून टाकलेलं अ‍ॅरबिडॉप्सिस साध्या परिस्थितीत बऱ्यापैकी नीट वाढतं. हा चॅनल व्हॅक्यूओलमधून सायटोप्लाझममध्ये कॅल्शियम सोडतो की मुख्यतः पोटॅशियमची ये-जा सांभाळतो, यावर १९९० च्या दशकापासून भांडण चालू आहे. पेशीत त्या पडद्यावर सहसा सायटोप्लाझमची बाजू थोडी उणे असते, आणि तिथे हा चॅनल बहुतेक वेळ बंदच. मॉस त्यात मदत करू शकतं: मुख्य पिढी हॅप्लॉइड, म्हणजे एक जीन काढलं की दुसरी प्रत झाकायला नाही, आणि नेमकं हवं तेच जीन काढण्याची सोय फिस्कोमिट्रेलात १९९० च्या दशकापासूनच आहे.

आता थोडं सबुरीने. मॉसमध्ये आणि लिव्हरवर्टमध्ये सगळं फुलझाडांसारखंच आहे असं समजू नका. अ‍ॅरबिडॉप्सिसमध्ये टीपीसीचं एकच जीन आहे, मार्केन्शिया या लिव्हरवर्टमध्ये तीन. त्यातलं एमपीटीपीसी१ काढलं तर एसव्ही करंट जातो, बाकीची दोन काढली तरी राहतो, असं २०२२ मध्ये छापून आलंय. तेव्हा नुसतं सीक्वेन्समध्ये टीपीसी दिसलं म्हणून एसव्ही सापडला असं लिहू नका. शिवाय सुट्या व्हॅक्यूओलवरचं मोजमाप आणि जिवंत पेशीतली वागणूक यात अंतर असतं. माझ्या ट्रेसलाही ते लागू आहेच.

प्रोजेक्टचं म्हणाल तर विषय घ्या, पण पॅच क्लॅम्पचा सेटअप आणि तो चालवणारं माणूस लॅबमध्ये आधीपासून असेल तरच. व्हॅक्यूओल काढायला एन्झाइमच लागतात असं नाही. तीव्र द्रावणात पेशी आकसू द्या, मग पान कापा आणि हळूहळू द्रावण पातळ करा. कापलेल्या कडेतून प्रोटोप्लास्ट (भिंत नसलेली अख्खी पेशी) आणि व्हॅक्यूओल फुगून बाहेर येतात. हिरवे ठिपके चिकटलेला गोळा दिसला तर तो घेऊ नका, क्लोरोप्लास्ट सोबत आलेत म्हणजे तो बहुधा प्रोटोप्लास्ट आहे. पारदर्शक, काहीही न दिसणारा गोळा शोधा. आणि पहिल्याच दिवशी शून्य कॅल्शियमचं बाथ तयार ठेवा. गाइड "गळतंय" म्हणाले की त्यांच्यासमोरच ते ओता.