टॉगसाठी आणलेले खेकडे जिवंत कसे ठेवायचे?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार काका, आम्ही मूळचे मालवणकडचे, गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, आवड लहानपणापासूनची. इथे फॉल (पानगळ) सुरू झाला की मित्रांबरोबर जेट्टीवर टॉग, म्हणजे टॉटॉग मासा, पकडायला जातो. बेट शॉपमधून (आमिषाच्या दुकानातून) हिरवे खेकडे शुक्रवारी संध्याकाळी आणतो, बादलीत भरपूर पाणी घालून गॅरेजमध्ये ठेवतो, पण रविवारी सकाळी बघावं तर अर्धेअधिक मेलेले आणि घाण वास. कधी कधी तर सगळेच जातात. काय चुकतंय? आणि खेकडा गळाला लावायची नीट पद्धत कुठली, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

उत्तर: नमस्कार. तुमचे खेकडे त्या पाण्यामुळेच मरतायत. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो हे खरं, पण कल्ले ओले असले की त्याला हवेतलाही ऑक्सिजन घेता येतो, म्हणून तर ओहोटीला तो दगडाखाली तासन् तास मजेत बसलेला असतो. बादलीतलं पाणी हललं नाही, त्यात दोन-तीन डझन खेकडे कोंबले, की त्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो, वर त्यांचीच घाण त्यात साठत जाते, मग एक मेला की तो कुजतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो. आणि ते पाणी नळाचं असेल तर विषयच संपला, गोडं पाणी आणि क्लोरीन दोन्ही त्यांना मारक.

तर बादली राहू दे, पसरट कूलर घ्या. तळाला बर्फाच्या बंद बाटल्या किंवा जेल पॅक ठेवा, सुटा बर्फ नको कारण तो वितळून गोडं पाणी होतं आणि खेकडे त्यातच बसतात. बाटल्यांवर जाळी किंवा जाड पुठ्ठा, त्यावर समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यावर खेकडे एका थरात, शक्यतो पोटं खाली, आणि वर पुन्हा ओलं गोणपाट. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राचे ओले कागद चालतात, जेट्टीवरचं शेवाळ मिळालं तर फारच छान. झाकण घट्ट लावू नका, फट ठेवा. घरी फ्रीजचा खालचा ड्रॉवर रिकामा करून दिला तर त्याहून बरं, घरच्यांना आधी विचारून घ्या मात्र. समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून आणायची आणि रोज संध्याकाळी गोणपाटावर शिंपडायचं, खेकडे भिजले पाहिजेत पण बुडता कामा नयेत. अशी निगा राखली तर चार-पाच दिवस आरामात जातात.

आणि रोज एकदा हात घालून मेलेले वेचून काढा, हे काम कंटाळा येतो म्हणून लोक टाळतात पण बाकी सगळ्या खटपटीपेक्षा याचाच उपयोग जास्त. जिवंत खेकडा उलटा केला की पाय हलवतो, थंडीने सुस्त असेल तर डोळ्यांजवळ बोट नेलं की डोळे आत ओढतो. मेलेल्याचे पाय लोंबतात आणि पोटाकडून अमोनियासारखा वास यायला लागतो. असा एकही आत राहिला तर दुसऱ्या दिवशी चार जातात.

दुकानात घेतानाही डोळे उघडे ठेवा. दुकानदाराने मापाने ओतून दिले की घेतले असं करू नका, ज्या टबात खेकडे चिडून एकमेकांवर चढतायत तिथले घ्या. पाठ दोन ते अडीच इंच रुंद असलेले सगळ्यात सोयीचे, कारण अर्धा केला की एक गळ नीट भरतो. रंगावर जाऊ नका, हिरवा खेकडा नारिंगी, तपकिरी कसाही असतो, ओळख म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने पाठीच्या कडेवर पाच-पाच काटे.

आता गळाला लावायचं. खेकडा मागून धरा, पाठीच्या मागच्या कडेला अंगठा आणि बोट, तिथे त्याची नांगी पोचत नाही. थंड असेल तर चावायचा उत्साहही कमी असतो, शिवाय थंडावलेल्या जिवाला कापताना त्रासही कमी, म्हणून कूलरमधून एकेकच काढायचा. आधी स्वयंपाकघरातल्या भक्कम कात्रीने बरोबर मधोमध दोन भाग करायचे, एका दमात. मग दोन्ही नांग्या आणि पाय मुळाशी तोडायचे. जिथून पाय तुटतो तिथे एक भोक राहतं, गळ त्या भोकातून आत घालायचा आणि शेजारच्या पायाच्या भोकातून किंवा पोटाकडच्या मऊ भागातून टोक बाहेर काढायचं. टोक उघडं राहिलंच पाहिजे. टॉगचं तोंड रबरासारखं चिवट असतं, टोक कवचात अडकलं तर तुम्ही कितीही झटका द्या, मासा खेकडा चिरडून गळ तुमच्याकडे परत पाठवतो.

पाठीचं कवच काढावं की ठेवावं यावर जेट्टीवर भांडणं होतात. दोन्ही बाजूंचं खरं आहे, फक्त वेळ वेगळी. कवच काढलं की रस आणि वास पाण्यात लगेच पसरतो, मासे सुस्त असतील तेव्हा याचा फायदा होतो. पण खाली बर्गाल, म्हणजे ते छोटे कुरतडे मासे, भरपूर असतील तर उघडं मांस दोन मिनिटांत साफ, मोठा मासा येईपर्यंत गळावर काही उरतच नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात कवचासकट करा, तासभर टिचकीही लागली नाही तर कवच काढून बघा. छोटे रुपयाएवढे खेकडे मिळाले तर ते अख्खेच लावायचे, नांग्या काढून मागच्या पायाच्या भोकातून गळ.

एवढं सगळं जिवंत खेकड्यासाठी का, तर टॉग हा दगडातला मासा. पुढचे दात शिंपले खरवडून काढायला, आणि घशात दाढांसारखे सपाट दात कवच चुरडायला. तो खेकडा आधी पुढच्या दातांनी उचलतो, तेव्हा तुम्हाला टक-टक लागतं, त्या वेळी ओढू नका. मग चुरडून आत घेतो आणि दोरी जड होते, तेव्हा उचलायचं आणि लगेच दगडापासून वर आणायचं, नाहीतर तो कपारीत शिरतो आणि दोरी गेलीच समजा. मेलेला मऊ पडलेला खेकडा त्या पहिल्या टक-टकलाच गळावरून सुटतो. ताज्या खेकड्याचं मांस आतल्या पडद्यांना घट्ट धरून असतं, म्हणून तो टिकतो.

प्रश्न (पिस्कॅटवे): जेट्टीच्या दगडाखाली पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचे छोटे खेकडे खूप दिसतात, ते चालतील का? आणि उरलेले खेकडे तिथेच सोडून दिले तर निदान जीव तरी वाचतील ना?

उत्तर: ते एशियन शोर क्रॅब. चालतील काय, धावतील. चौकोनी पाठ, कडेला तीन-तीनच काटे. हे मूळचे पूर्व आशियातले, अमेरिकेत पहिल्यांदा १९८८ साली न्यू जर्सीतच, केप मे काउंटीतल्या टाउनसेंड्स इनलेटला सापडले, आणि आता उत्तरेकडे मेन राज्यापर्यंत दगडादगडाखाली आहेत. ओहोटीला दगड उचलायचा, वेचायचे, आणि दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या खाली बाकीच्यांचं घर असतं. दगडावरचं हिरवं काळं शेवाळ भयंकर निसरडं असतं, खिळ्यांचे सोल घातल्याशिवाय खाली उतरू नका आणि एकटे तर मुळीच जाऊ नका.

सोडून देण्यामागची तुमची भावना कळते, पण कृपया सोडू नका. हिरवा खेकडासुद्धा युरोपातून जहाजांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला पाहुणा, आणि तो शिंपल्यांची, कालवांची पिल्लं फार खातो, पाण्यातलं गवतही उकरून टाकतो. दुकानातला खेकडा कुठल्या खाडीतून आला हे आपल्याला माहीत नसतं, त्याच्याबरोबर रोगही दुसरीकडे जातात. उरलेले पुढच्या फेरीला ठेवा, नाहीतर फ्रीजरमध्ये टाका, थिजलेले खेकडे ताज्याची सर नसली तरी वेळेला उपयोगी पडतात. त्यांचं कालवण करू का असंही काही जण विचारतात, बेट शॉपचे खेकडे खाण्यासाठी सांभाळलेले नसतात, नको.

आणि नियम. न्यू जर्सीत गेली काही वर्षं १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर दिवसाला एकच टॉग ठेवता येतो, १६ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर पाच, आणि मासा किमान १५ इंच. नियम बदलू शकतात, म्हणून जायच्या आधी राज्याच्या साइटवर बघा, नोंदणीही तिथेच. हा मासा फार हळू वाढतो, तीस वर्षांच्या वर जगतो, त्यामुळे पाचची मुभा असली तरी दोन घरी न्यावेत, मोठी मादी पाण्यात परत जाऊ द्यावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (रत्नागिरी): इकडे पावसाळा संपला की आम्ही पण खडपावरून गरवतो. खेकड्याचं आमिष आपल्याकडे चालतं का, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते टिकवायचं कसं?

उत्तर: चालतं की. गोबरा, तांबोशी हे दगडातले मासे खेकडा आवडीने खातात. खडपावरचे छोटे काळे खेकडे घ्या, अख्खे लावा, नांग्या काढून. तुमच्याकडे शत्रू ऊन, त्यामुळे खेकडे थेट त्याच सकाळी धरायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून छत्रीच्या सावलीत ठेवायचे आणि अर्ध्या-पाऊण तासाने समुद्राचं पाणी मारायचं. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आत वाफ होऊन शिजल्यासारखे होतात. आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांची पिल्लं आमिषाला वापरू नका, ती वाढली तर बाजारात चांगला भाव आणतात, खडपावरचे खेकडे त्या कामाला पुरेसे आहेत.