एजंटच्या हाती गिट देताना

एआय एजंटला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरायला द्यायचं, तर त्याच्या प्रत्येक कमांडचं टूल करून त्याचं वर्णन लिहावं लागतं. कमिटच्या, म्हणजे बदलांची पक्की नोंद करणाऱ्या टूलला ‘कमिट करतं’ एवढं वर्णन पुरत नाही, मित्रा. एजंटला तुझ्या मनातलं कळत नाही. त्याच्यासमोर तेवढंच वाक्य असतं. कमिटमध्ये फक्त स्टेज केलेले (नोंदीसाठी निवडून ठेवलेले) बदल जातात, पुश होत नाही, म्हणजे ते सर्व्हरवर पाठवले जात नाहीत, हे स्पष्ट लिही. सगळ्यात जास्त वेळ रीसेट हार्डच्या वर्णनावर घालव; ही कमांड फाइलींमधले कमिट न केलेले बदल पुसून टाकते. कमिट केलेलं काम रीफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या आधीच्या स्थितींच्या यादीतून) बहुधा परत मिळतं, पण स्टेजही न केलेले बदल गिटकडे कुठेच नसतात. ते गेले की गेलेच. म्हणून ‘आधी स्टेटस (कमिट न झालेल्या बदलांची यादी) बघ, बदल दिसले तर थांबून माणसाला विचार’ हे वर्णनातच हवं. चेकआउट तर एक टूल म्हणून देऊच नकोस. ते ब्रँचही (कामाची शाखा) बदलतं आणि फाइलही पूर्ववत करतं. गिटनेच २०१९ मध्ये त्यासाठी स्विच आणि रिस्टोअर वेगळे केले. मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोन शाखा एकत्र करताना बदलांची टक्कर) आला तर टूल काय परत देतं, तेही लिही; नाहीतर एजंट तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवत बसतो.