सातवीच्या वर्गाला नाटक शिकवायची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सातवीच्या वर्गात ५२ मुलं आहेत, आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका मिळते, जानेवारीत स्नेहसंमेलनात बारा मिनिटांचं नाटक करायचं आहे आणि संहिता हातात पडली की मुलं ती पाठ करून एका सुरात म्हणायला लागतात. माझं पहिलं सांगणं हे, की पहिले सहा आठवडे संहिता बाहेर काढूच नका. कागद दिसला की या वयाचं मूल तोंडी परीक्षेला बसल्यासारखं बोलतं. शब्द चुकू नये एवढंच त्याच्या डोक्यात असतं, समोरचा काय म्हणाला याकडे लक्ष जात नाही. आणि नाटक तर सगळं ऐकण्यावर उभं असतं. ऑगस्टमध्ये सुरुवात केलीत तर दिवाळीच्या सुट्टीच्या आत एवढा पाया सहज होतो.

आधी जागेचं बघा. बाक सरकवून परत लावण्यात दहा मिनिटं जातात, म्हणून शक्यतो मधल्या सुट्टीनंतरची तासिका मागून घ्या आणि सुट्टी संपायच्या आधी बाक भिंतीला लागू द्या. सभागृह किंवा मोठा व्हरांडा मिळाला तर उत्तमच. तुमच्या स्टेजच्या मापाचा चौकोन खडूने जमिनीवर आखा. शांततेसाठी ओरडू नका, पंधरा दिवसांत तुमचाच घसा बसेल. टाळ्यांची एक लय वाजवायची, मुलांनी तीच परत वाजवायची आणि थांबायचं, हा संकेत पहिल्याच तासाला पक्का करा. सातवीतली मुलं-मुली एकमेकांचे हात धरायला तयार नसतात, त्यावरून वाद घालू नका. दोघांमध्ये एक रुमाल धरायला द्या, गोल लगेच तयार होतो.

मग स्थिरचित्र, म्हणजे प्रसंगातला एक क्षण पुतळ्यासारखं थांबून दाखवायचा. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी हे तंत्र मोठ्या माणसांसाठी वापरलं, पण या वयाला ते फार चांगलं लागू पडतं, कारण त्यात संवाद नसतात आणि लाजायला जागा कमी असते. सहा-सहाचे सात आणि पाच-पाचचे दोन गट करा. गट हजेरीपटावरून पाडा, मैत्रीवरून पाडलेत तर तेच चौघे सगळं ठरवतात. विषय रोजच्या बघण्यातला द्या: एसटी स्टँड, गाडी दोन तास उशिरा. तयारीला तीन मिनिटं, मग दहा आकडे मोजेपर्यंत पुतळा. पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक गट वर्गाच्या फोटोसारखा एका रांगेत, तोंड पुढे करून उभा राहील. त्यावर तीन अटी घाला: कोणी बसलेलं, कोणी वाकलेलं, कोणी उभं, निदान दोघांची नजर एकमेकांवर, एकजण पाठमोरा. चित्र तिथल्या तिथे बदलतं.

आता एकेकाच्या खांद्याला हात लावा. ज्याला हात लागेल त्याने त्या माणसाच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. सुरुवातीला 'गाडी उशिरा आहे' असलं काहीतरी येईल. तिथे सोडू नका, विचारा: तुला पोचायचंय कुठे? 'आजी दवाखान्यात आहे, डबा द्यायचाय' असं उत्तर आलं की त्या मुलाच्या हातांकडे बघा. नसलेल्या पिशवीभोवती बोटं आपोआप आवळली जातात. अभिनय म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त 'आत्ता तुझ्या हातांनी काय केलं ते पाहिलंस का?' एवढं विचारा.

तिसऱ्या आठवड्यापासून जोड्या. एकाला काहीतरी हवंय, दुसरा देऊ शकत नाही: मुलाच्या हातात पाचशेची नोट, कंडक्टरकडे सुट्टे नाहीत. सगळ्या जोड्या एकाच वेळी दोन मिनिटं बोलतील, कोणी कोणाकडे बघणार नाही. शेवटी तीनच जोड्या दाखवतील, पुढच्या तासाला दुसऱ्या तीन. सगळ्यांचं बघत बसलात तर तास संपतो आणि बघणारे गोंधळ घालतात. इथे हमखास बिघडतं ते असं: प्रत्येक प्रसंग हाणामारीवर किंवा टीव्ही मालिकेतल्या भांडणावर जातो, कारण अडचणीतून सुटायचा तोच सोपा रस्ता मुलांना माहीत असतो. म्हणून अंगाला हात लावायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. हे दोन रस्ते बंद झाले की विनवणी, थाप, रुसवा, सौदा हे आपोआप सापडायला लागतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुम्ही स्वतः भूमिकेत शिरा. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांच्यामुळे ही पद्धत जगभर गेली. डोक्यावर टोपी चढवली की तुम्ही आगारप्रमुख, आणि शेवटची गाडी रद्द झाल्याचं सांगायला आलात. टोपी काढली की परत शिक्षक. बाकी ५२ जण प्रवासी. एरवी तोंड न उघडणारं मूल इथे बोलतं, कारण ते वर्गापुढे नाही, एका अधिकाऱ्यापुढे उभं असतं. मुलांच्या तोंडून आलेली वाक्यं लिहून ठेवा, नाटक त्यातूनच होईल. बारा मिनिटांना टंकलिखित सात-आठ पानं पुरतात.

आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगते. 'मोठ्याने बोल' म्हटलं की मूल किंचाळतं आणि शब्द आणखी अस्पष्ट होतात. खरी अडचण वाक्याच्या शेवटी असते. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, आणि मुलांचा श्वास नेमका तिथे संपतो. 'मी तुझ्याबरोबर येणार नाही' यातला 'नाही' गिळला गेला की मागच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. उपाय सोपा आहे: वाक्यापूर्वी श्वास घ्यायचा आणि शेवटचा शब्द समोरच्या भिंतीवर ठेवायचा. एक मूल मागच्या भिंतीशी उभं करा, त्याला शेवटचा शब्द ऐकू आला तर ते हात वर करील. याच वयात काही मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना ओरडायची कामं देऊ नका आणि हसणाऱ्यांना तिथेच थांबवा.

दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर ४५ मिनिटांच्या पंधरा तालमी धरा. पहिल्या दोन गोलात बसून वाचनाच्या, मग उभ्या तालमी. वाक्य स्वतः म्हणून दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही म्हणून दाखवलंत की तोच सूर शेवटच्या प्रयोगापर्यंत चिकटतो. त्याऐवजी विचारा: हे कोणाला सांगतोयस? त्याने ऐकलं नाही तर काय करशील? प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेला शब्द आडून सुचवायला, मूलच बसवा, पण मनात तीन मोजल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. लगेच दिला तर बाकीचे विचार करणंच सोडतात.

५२ जणांना कामं देताना कोणालाही झाड करू नका. बोलणारे बारा, गर्दीत पंचवीस (प्रत्येकाला स्वतःचं गाव आणि सामान ठरलेलं), विंगेतून पावसाचे, हॉर्नचे, फेरीवाल्याचे आवाज काढणारे आठ, सामान आणि पडद्याला सात. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मुलांनी नुसते ओठ हलवायची जी पद्धत स्नेहसंमेलनांत रूढ झाली आहे, ती कृपा करून टाळा. सहा महिने ऐकायला शिकवलेलं त्यात वाया जातं, आणि एकाची एंट्री चुकली तरी टेप थांबत नाही. माईकपाशी गर्दी होते म्हणून स्टेजवर रंगीत चिकटपट्टीने जागा आखा आणि सगळ्यात हलक्या आवाजाची मुलं माईकजवळ ठेवा.

ऐनवेळी दुसऱ्याची संहिता घेतलीत, तर फक्त शाळेतल्या लोकांपुढे आणि पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. स्पर्धेला किंवा बाहेर नेताना मात्र लेखकाची परवानगी घ्या.

रंगीत तालीम दोन दिवस आधी ठेवा. आदल्या दिवशी संवाद नको, कोण कुठल्या विंगेतून येतो आणि कुठून जातो एवढंच एकदा चालून घ्या आणि मुलांना वेळेत घरी सोडा.