दुसऱ्या महायुद्धात एसएएस या ब्रिटिश कमांडो दलात गाजलेल्या पॅडी मेनचा पुतळा खरंच त्याच्या गावात आहे का? आणि बीबीसीच्या ‘एसएएस: रोग हीरोज’ मालिकेत दाखवलाय तसाच होता का हा माणूस?

आहे. उत्तर आयर्लंडमधल्या न्यूटाउनार्ड्सच्या मुख्य चौकात, कॉनवे स्क्वेअरमध्ये, जुन्या टाउन हॉलसमोर. १९९७ मध्ये बसवला. मी बेलफास्टला राहतो. तिथून हे गाव पंधराएक किलोमीटरवर. पूर्ण नाव रॉबर्ट ब्लेअर मेन, आणि गावात रस्त्यापासून क्रीडासंकुलापर्यंत सगळीकडे ‘ब्लेअर मेन’च दिसेल. पॅडी हे पलटणीतलं नाव.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, अर्धामुर्धा. तो प्यायचा, आणि प्यायल्यावर त्याच्या वाटेला जाण्यात शहाणपण नव्हतं, हे खरं. पण वरिष्ठाला ठोसा मारून तो कोठडीत पडला होता आणि एसएएसचा संस्थापक डेव्हिड स्टर्लिंगनं त्याला तिथूनच दलात घेतलं, ही रंगतदार गोष्ट अलीकडच्या चरित्रकारांनी खोडून काढली आहे. शिवाय हा माणूस युद्धाआधी रीतसर वकील झाला होता, हे मालिका बघून कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

रग्बी म्हणजे त्याचं पहिलं प्रेम. आयर्लंडकडून सहा सामने, आणि १९३८ मध्ये ब्रिटिश लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा. तिन्ही कसोट्या खेळला. पहिल्या दोन हरले, केपटाउनची तिसरी २१-१६ अशी जिंकली. शिवाय आयर्लंडच्या विद्यापीठांचा हेवीवेट मुष्टियोद्धा.

युद्धातली त्याची कामगिरी सांगायची तर डिसेंबर १९४१ मधला लिबियातल्या तामेत धावपट्टीवरचा छापा आधी सांगावा लागेल. अंधारात मूठभर माणसं घेऊन शिरायचं, एकेका विमानाला बॉम्ब चिकटवायचा आणि पसार व्हायचं. बॉम्ब संपले, एक विमान उरलं. गडी कॉकपिटमध्ये चढला आणि उपकरणांची पाटी हातानं उपटून काढली! स्टर्लिंग १९४३ मध्ये पकडला गेल्यावर सिसिली आणि इटलीत त्याच्या माणसांचं नेतृत्व मेनकडे आलं.

गावातला खरा सल मात्र वेगळाच आहे. ९ एप्रिल १९४५, जर्मनीत ओल्डेनबुर्गजवळ. पुढे गेलेल्या तुकडीवर घरांमधून गोळीबार सुरू झाला, तिचा मेजर मारला गेला, काही जण रस्त्यालगतच्या खड्ड्यात अडकले. मेननं आधी ब्रेनगन घेऊन घरातल्या शत्रूला गप्प केलं. मग एका स्वयंसेवक अधिकाऱ्याला मागच्या बंदुकीवर बसवून जीप भर गोळीबारात त्या रस्त्यावर घातली आणि शेवटी उतरून जखमींना उचलून गाडीत टाकलं. यासाठी व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाची, शिफारस झाली. आपल्या माणगावजवळच्या यशवंत घाडग्यांना १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला, तोच. मेनला तो मिळाला नाही. त्याऐवजी डीएसओ हे त्याखालचं पदक चौथ्यांदा दिलं. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेत खासदारांनी हा अन्याय दूर करा म्हणून प्रस्ताव मांडला, पण सरकार हललं नाही. नियमांवर बोट ठेवणारे म्हणतात, क्रॉस एकाच असाधारण कृत्यासाठी असतो. मग त्या रस्त्यावर जे घडलं ते काय होतं, असा माझा साधा प्रश्न आहे. वरच्या मंडळींना तो माणूसच पचनी पडत नव्हता असं गावकरी म्हणतात, आणि मला ते पटतं. कागदोपत्री पुरावा मात्र कुणी दाखवू शकत नाही.

युद्धानंतर पाठीच्या दुखण्यानं त्याला बेजार केलं. उत्तर आयर्लंडच्या लॉ सोसायटीचा सचिव म्हणून नोकरी केली. डिसेंबर १९५५ मध्ये रात्री घरी परतताना, गावातच, त्याची रायली गाडी उभ्या वाहनावर आदळली. वय अवघं चाळीस.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर बेलफास्टहून बस आहे. शनिवारी त्याच चौकात बाजार भरतो, गर्दीत फोटो नीट येत नाही. इतर दिवशी जा. कबर मोव्हिला ॲबीच्या दफनभूमीत आहे, तीही गावातच, त्यामुळे दोन्ही एका खेपेत होतं.